चाके देखणी हवीत, पण भार पेलणारीही

गाडीला नवी अलॉय चाके बसवायची तर नक्षी सर्वांत शेवटी पाहा. आधी पाहावेत ते चाकाच्या पाठीमागे कोरलेले आकडे. घरातल्या माणसांची सुरक्षितता त्यांवर अवलंबून असते.

गाडी घरात आली की पहिले वर्ष तिच्या कौतुकात जाते. मग कधी तरी शेजाऱ्यांची नवी एसयूव्ही दारात उभी राहते आणि आपल्या गाडीची लोखंडी चाके, त्यांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या डोळ्यांत खुपू लागतात. चिरंजीव म्हणतात, ''बाबा, अठरा इंची अलॉय टाकू या. गाडी काय रुबाबदार दिसेल!'' बाबांनाही ते मनातून पटलेले असते. आई तेवढी विचारते, ''अहो, पण खर्च किती येईल?''

खर्चाचा प्रश्न योग्यच आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा, की ही चाके आपल्या रस्त्यांवर, आपल्या सगळ्यांचा भार घेऊन टिकतील का?

रायपूरच्या उरला भागात राहणाऱ्यांना तर हा प्रश्न टाळून चालणारच नाही. उरला आणि पलीकडचे सिलतरा हा सारा लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचा पट्टा. जड मालाचे ट्रक सतत ये-जा करतात. त्यांच्या चाकांखाली रस्ता खचतो, पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात आणि त्यांची खोली कळत नाही. शिवाय मालातून सांडलेले लोखंडाचे तुकडे असतातच. हीच गाडी दिवाळीला किंवा लग्नकार्याला पाच माणसे आणि सामान घेऊन राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा या मार्गाने नागपूर गाठते. म्हणजे आठवडाभर खड्डे आणि सुटीत महामार्गाचा वेग, असे दोन्ही त्याच चाकांना सोसायचे असते.

लोखंड वाकते, अलॉय तडकते

साधे चाक पोलादी पत्र्याचे असते. जोरदार धक्का बसला तर ते बहुधा वाकते. अलॉय चाक ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनसारखी द्रव्ये मिसळून ओतलेले असते. ते दिसायला सुबक, गंजाचा त्रास कमी आणि ब्रेकची उष्णताही लवकर बाहेर टाकते. मात्र फार मोठ्या धक्क्याने ते तडकू शकते. तडकलेले अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरणे म्हणजे जिवाशी खेळ.

''अलॉय हलके, म्हणून मायलेज वाढते'' असे दुकानदार सांगतात. त्याच मापाचे, चांगल्या बनावटीचे अलॉय हलके असू शकते. पण माप वाढवले की चाक आणि टायर मिळून वजन बहुधा वाढते. मग मायलेज वाढायच्या ऐवजी घटते.

दोन इंचांची हौस

टायरवर २०५/६५ आर १६ असे लिहिलेले असते. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १६ इंची, असा त्याचा अर्थ. हिशेब केला तर भिंत सुमारे १३३ मिलिमीटर उंच आणि पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६७३ मिलिमीटर होतो.

आता चिरंजिवांच्या हट्टाखातर १८ इंची रिम घेतली. व्यास फार बदलू नये म्हणून तिच्यावर २२५/५० आर १८ टायर चढवला. व्यास ६८२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड टक्क्याचा फरक. पण भिंत उरली ११२ मिलिमीटर. खड्ड्याचा धक्का झेलणारी रबराची आणि हवेची उशी वीस मिलिमीटरहून अधिक कमी झाली. तो धक्का आता रिमवर, सस्पेन्शनवर आणि मागे बसलेल्या आजींच्या पाठीवर जाणार.

म्हणून उरल्यासारख्या ठिकाणी पहिला सल्ला हाच, की गाडीला मूळ ज्या मापाची चाके आली त्याच मापाची अलॉय घ्यावीत. फार तर त्याच गाडीच्या महागड्या प्रकाराला कंपनी जे माप देते, तिथपर्यंत जावे. ह्युंदाई क्रेटाच्या काही प्रकारांना २०५/६५ आर १६ टायर येतात, तर काहींना २१५/६० आर १७. दुसऱ्या मापात भिंत १२९ मिलिमीटर राहते, म्हणजे नुकसान नगण्य. व्यास मात्र अडीच टक्क्यांनी वाढतो. मीटरवर १०० दिसताना प्रत्यक्ष वेग थोडा जास्त असू शकतो, हे लक्षात ठेवावे.

हे चार आकडे विचारा

पहिला आकडा पीसीडी. नट-बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा हा व्यास. ५ x ११४.३ म्हणजे पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटरचे वर्तुळ. हा जुळलाच पाहिजे. भोके मोठी करून चाक 'बसवून देतो' म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

दुसरा आकडा मधल्या भोकाचा. इथे पुष्कळांची फसगत होते. क्रेटा आणि मारुती ब्रेझा या दोन्हींचा पीसीडी ५ x ११४.३ आहे. पण क्रेटाचे मधले भोक ६७.१ मिलिमीटरचे, तर ब्रेझाचे ६०.१ चे. क्रेटाचे चाक ब्रेझाच्या बोल्टांवर चढते, मात्र मध्ये ७ मिलिमीटरची पोकळी राहते. चाक नेमके मध्यावर बसले नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरते. ही पोकळी भरायला अचूक मापाची कडी मिळते. ती जरूर बसवून घ्यावी.

तिसरा आकडा ऑफसेट. चाकावर तो 'ईटी' अक्षरांपुढे कोरलेला असतो. चाक आत किती आणि बाहेर किती राहणार, हे तो ठरवतो. समजा, मूळ ऑफसेट ४८ होता आणि नवा ३५ घेतला. चाक १३ मिलिमीटर बाहेर आले. रिम एका इंचाने रुंदही घेतली, तर बाहेरची कड आणखी सुमारे १३ मिलिमीटर सरकली. एकूण एक इंच! मग टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवर ताण येतो आणि दारावर चिखल उडतो. ऑफसेट मूळ आकड्याच्या शक्य तितका जवळ ठेवावा.

चौथा आकडा भारक्षमतेचा, आणि कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मागच्या आसावर जास्तीत जास्त ९५० किलो भार येत असेल, तर एका चाकाच्या वाट्याला ४७५ किलो येतात. खड्ड्यात आदळताना हा भार क्षणभर कितीतरी वाढतो. म्हणून चाकाची क्षमता त्याहून बरीच जास्त हवी. टायरचेही तसेच. टायरवरचा ९५ हा भारांक ६९० किलो सांगतो, ९१ हा ६१५ किलो. नवा टायर मूळ भारांकापेक्षा कमीचा कधीही घेऊ नये.

खरेदी करताना

चाक उलटे करून पाठ पाहावी. माप, ऑफसेट, भारक्षमता आणि बनवणाऱ्याचे नाव ओतकामातच उमटलेले हवे. केंद्र सरकारने २०२० साली काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या रिमसाठी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक केले आहे. ते नसेल तर चाक परत ठेवावे.

जुनी चाके रंगवून नवी म्हणून विकली जातात. रंगाचा जाड थर, आतल्या कडेवर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर भाव कितीही कमी असो, मोहात पडू नये. पक्के बिल घ्यावे.

बसवताना समोर उभे राहा

नवीन चाके दुकानात सोडून बाजारहाटाला निघून जाऊ नका. हबवरचा गंज आणि माती आधी पुसायला सांगा. नट आधी बोटांनी काही आटे फिरायला हवा. तो अडत असेल तर थांबवा. सुझुकीच्या गाड्यांत नटाचे आटे १२ x १.२५ चे असतात, ह्युंदाईत १२ x १.५ चे. चुकीचा नट मशीनने रेटला तर बोल्टचे आटेच जातात. नटाचे बूडही पाहा. काही चाकांना निमुळते लागते, काहींना गोल.

नट समोरासमोरचे, चांदणीच्या आकारात आवळावेत आणि शेवटची आवळणी टॉर्क पान्याने करावी. पुष्कळ लहान एसयूव्हींना १०० ते १३० न्यूटन-मीटर लागतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. त्यानंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. मूळ चाकात हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते नव्या चाकात हलवायला विसरू नये.

घरी येताना सर्वांना गाडीत बसवा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, गतिरोधकावरून सावकाश जा. कुठे घासल्याचा आवाज येतो का, ते ऐका. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायचे असतात. उरल्याहून नागपूरला निघालात तर राजनांदगावला चहाला थांबाल, तेव्हा हे काम सहज उरकते.

स्टेपनी जुनीच, लोखंडी राहणार असेल तर जुने नट फेकू नका. नवे नट तिला नीट बसतीलच असे नाही. जुने पाच नट कापडी पिशवीत बांधून जॅकजवळ ठेवावेत. रात्री महामार्गावर पंक्चर झाले की त्यांची किंमत कळते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. मडगार्डबाहेर डोकावणारी चाके म्हणजे आपणहून दंडाला आमंत्रण. कंपनीने मान्य केलेल्या मापात राहिलात तर ही चिंता उरत नाही. बाहेरून बसवलेल्या चाकांची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी. नाहीतर अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद होतो.

पुढची काळजीही थोडी घ्यावी. उरल्याच्या हवेतली लोखंडी धूळ चाकांवर चिकटून तांबूस ठिपके पडतात. दर आठवड्याला साध्या शांपूच्या पाण्याने चाके धुवावीत, तेजाबी द्रावण वापरू नये. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी.

चिरंजिवांची हौस मोडायची गरज नाही. नक्षी त्यांनी निवडावी, रंगही त्यांनीच निवडावा. आकडे मात्र आई-बाबांनी पुस्तिकेशी ताडून पाहावेत आणि मगच पैसे मोजावेत.