आकडा आला, पण कोणत्या खात्यात?
(लेखांक ६)

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. ते १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. असा संच चालू असताना टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते आणि तिच्यात शिरणाऱ्या वाफेचं तापमान ५३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. दाब, तापमान, कंपन मोजणारी उपकरणं अशा यंत्रावर शेकड्यांनी बसवलेली असतात आणि त्यांचे आकडे अखंड येत राहतात. ते वेळेनुसार साठवणाऱ्या डेटाबेसला कारखान्यांत ‘हिस्टोरियन’ म्हणतात. या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे ‘पाय सिस्टिम’. ती काढणारी ओएसआयसॉफ्ट ही कंपनी १९८० साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली.

आत येणाऱ्या आकड्याची आधी चौकशी होते. तो कोणत्या टॅगचा, म्हणजे कोणत्या मापाच्या नावाखालचा, कोणत्या क्षणाचा, कोणत्या जातीचा? तापमान दशांशात साठवायचं, व्हॉल्व्हची मात्र ‘उघडा’ किंवा ‘बंद’ एवढीच स्थिती. खरी गोम पुढच्या प्रश्नात आहे: आकडा विश्वासाचा आहे का? १९९६ साली आलेल्या ओपीसी या सामायिक नियमावलीत त्यासाठी दर्जाचे तीन मुख्य वर्ग ठरले. चांगला म्हणजे १९२, शंकास्पद म्हणजे ६४ आणि खराब म्हणजे ०.

हा दर्जा ठरतो कसा? प्रेशर ट्रान्समीटर आपलं माप ४ ते २० मिलिअँपिअरच्या विजेतून पाठवतो. शून्य दाबालाही ४ मिलिअँपिअर वाहतातच. त्यामुळे वायर तुटून प्रवाह ०वर आला, तर दाब गेला नसून बातमीच थांबली, हे लगेच कळतं. ३.६च्या खाली गेलेला प्रवाह सहसा बिघाड मानतात.

ही खूण डेटाबेसपर्यंत पोचली नाही, तर घोटाळा होतो. १३०, १३०, ०, १३० अशा चार नोंदींची सरासरी ९७.५ भरते, खराब नोंद वगळली की १३०. पहिला आकडा पाहून एखादा बॉयलर उघडायलाही निघेल!

दर्जा कळला, तरी अखंड येणारे सगळेच आकडे साठवायचे तर जागा फार लागते; मग चाळणी लागते. फॉक्सबरो कंपनीच्या एडगर ब्रिस्टल यांना १९८७ साली पेटंट मिळालेल्या पद्धतीत सरळ रेषेत चाललेले मधले बिंदू गाळतात आणि रेष वाकते तिथला बिंदू ठेवतात. जागा भरपूर वाचते. पण चाळणीची भोकं किती मोठी, हे माणूसच ठरवतो. कंपनाच्या टॅगला तापमानाचीच सैल मर्यादा लावली, तर बेअरिंग बिघडण्याची पहिली चाहूल कायमची पुसली जाते. डिस्क स्वस्त झाल्यावरही अशी काटकसर करणं हा शुद्ध आळस आहे.

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या ज्या उद्योजकांना हिस्टोरियन घ्यायचा आहे, त्यांनी खरेदीआधी विक्रेत्यासमोर एका ट्रान्समीटरची वायर काढायला लावावी. पडद्यावर ‘खराब’ न दिसता नुसतं शून्य उमटलं, तर सौदा तिथेच थांबवावा.