सुस्त माशाचें निदान

मनूच्या ओंजळींत आलेल्या लहानशा माशाची कथा आमच्या वाचकांस बाळपणापासून ठाऊक आहे. शतपथ ब्राह्मणांत ती येते ती अशी, कीं मनूनें तो मासा प्रथम घटांत ठेविला, घट अपुरा पडतांच खड्ड्यांत सोडला, आणि अखेरीस समुद्रांत नेऊन पोंचविला. या कथेंतील प्रलयाचा भाग सर्वांच्या लक्षांत राहतो. परंतु मासा पाळणाराचें पहिलें कर्तव्य तींत सांगितलें आहे, तें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. भांड्यांतील पाणी माशाला पुरतें कीं नाहीं, हें पाळणारानें पाहावयाचें असतें. मनूचा मासा आपली अडचण बोलून दाखवीत असे. आपल्या दिवाणखान्यांतला मासा बोलत नाहीं. तो केवळ सुस्त होतो. या सुस्तीचा अर्थ कसा लावावा, हें आम्ही गेल्या वैशाखांत शिकलों, आणि तें शिकण्याची किंमत एका निरपराध जीवाला द्यावी लागली. म्हणूनच हा लेख.

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्याच्या अंगाला, मिहान नांवाची जी नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथें आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड आहे. विमानतळ आणि मालवाहतूक यांच्या एका विस्तृत योजनेच्या इंग्रजी नांवांतील आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. पुढें तेथें संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि २०२२ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तेथील इमारतींचें उद्घाटन झालें. अशा ठिकाणीं नोकरीसाठीं राहणाऱ्या तरुण कुटुंबांना अंगण नसतें, गोठा नसतो, विहीर तर नसतेच. मग अंगणाची हौस खिडकींतल्या कुंड्यांवर आणि गोठ्याची हौस कांचेच्या टाकीवर भागवावी लागते. पुतण्याच्या घरीं अशी चार फूट लांबीची, सुमारें दोनशें लिटर पाण्याची टाकी आहे. तींत व्हॅलिस्नेरियाचीं लांब पातीं, क्रिप्टोकोरिनचीं झुडपें व जावा फर्न हीं दाट वाढलीं आहेत; आणि त्यांच्या सावलींत निऑन टेट्रांचा थवा, तळाशीं कोरिडोरस, गुरामीची एक जोडी व सहा डेनिसन बार्ब असा परिवार नांदत होता.

यांपैकीं डेनिसन बार्ब हा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. अंगावर काळा पट्टा, त्याच्या वर तांबडी रेघ, असें याचें रूप आहे. केरळांतील डोंगरी नद्यांतून तो सांपडतो, आणि बाजारांत त्यास 'मिस केरळ' म्हणतात. फ्रान्सिस डे यानें १८६५ सालीं त्याचें वर्णन केलें व त्या वेळचे मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचें नांव त्यास दिलें. २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्यासाठीं 'सह्याद्रिया' ही स्वतंत्र प्रजाति मानिली. हौशी लोकांसाठीं झालेल्या बेसुमार पकडीमुळें तो संकटग्रस्त जातींच्या यादींत जाऊन बसला आहे. थंड, खळाळतें, प्राणवायूनें भरलेलें पाणी ही त्याची संवय. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय, हें विदर्भाबाहेरील वाचकांस एका आंकड्यानें सांगतां येईल: २०१३ च्या मे महिन्यांत तेथें ४७.९ अंश उष्मा नोंदला गेला.

आम्ही तेथें पोंचलों त्याच्या दुसऱ्याच दिवशीं पहांटे आमची नात आम्हांस टाकीपाशीं घेऊन गेली. सहांपैकीं सर्वांत मोठा बार्ब फिल्टरच्या नळीजवळ एका जागीं लटकल्यासारखा उभा होता. पर मिटलेले, रंग फिकट, कल्ल्यांचीं झांकणें मात्र भराभर हालत होतीं. खाणें टाकलें तरी तो वळेना. नात म्हणाली, "आजोबा, हा सकाळींच असा असतो. दुपारीं चांगला पळतो." आम्हीं तें ऐकलें, पण मनावर घेतलें नाहीं. नऊ वर्षांच्या मुलीचें बोलणें तें! कल्ले भराभर हालतात त्या अर्थी कल्ल्यांत कृमि झाले असावेत, असा तर्क आम्हीं वयाच्या अधिकारानें केला. पुतण्यानें बाजारांतून फॉर्मॅलिनयुक्त कृमिनाशक आणलें, आणि रात्रीं झोंपण्यापूर्वीं आम्हीं आपल्या हातानें तें मापून पाण्यांत ओतलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे दुसरा एक बार्ब, जो आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट होता, तळाशीं मरून पडलेला आढळला. नात रडली नाहीं. "मी सांगितलं होतं," इतकेंच ती म्हणाली. तें आम्हांस जास्त लागलें.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे रोगाचें कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. या पंचकाचें नांव घरांतील वडील माणसांच्या तोंडीं असतें, पण वेळ आली कीं आपण पांचही साधनें बाजूस सारून थेट औषधाच्या बाटलीकडे धांवतों. त्या दिवशीं आम्हीं तसें न करण्याचें ठरविलें. प्रथम निम्में पाणी बदललें, फिल्टरमध्यें सक्रिय कोळसा घालून औषध काढून टाकलें, आणि मग वही व घड्याळ घेऊन टाकीपाशीं बसलों. पाहण्याचा जो क्रम आम्हांस उपयोगी पडला, तो वाचकांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न असा, कीं मासा खरोखरच सुस्त आहे काय? मासेहि विसावा घेतात. रात्रीं दिवा लावला असतां फिकट झालेले, तळाशीं टेकलेले मासे दिसतात. तो आजार नव्हे. कोरिडोरस दिवसाहि घटका घटका तळाशीं स्वस्थ बसतो. ज्या जातीची जी संवय, तिच्या मानानें पाहावें.

दुसरा प्रश्न, एकच मासा कीं सगळे? सगळे एकदम मंदावले तर दोष बहुधा पाण्याचा. एकटाच मंदावला तर दोष त्याच्या शरीराचा, किंवा टाकींतील दांडग्या सोबत्यांचा असूं शकतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असल्यास 'इक' नांवाचा परोपजीवी. पोट फुगून खवले उभे राहिल्यास जलोदर. पोट फुगलें पण खवले नीट असल्यास पुष्कळदां केवळ बद्धकोष्ठ, आणि त्यावर एकदोन दिवसांचें लंघन पुरतें. मात्र येथें एक मोठी मेख आहे. पाणी बिघडूं लागलें म्हणजे ज्या जातीला तें सर्वांत कमी सोसतें, ती जात सर्वांच्या आधीं बोलते; आणि एका जातींतहि एखादाच मासा प्रथम खचतो. आमचा बार्ब असाच पहिला साक्षीदार होता, आणि आम्हीं त्यास एकट्याचा रोगी समजलों. उलट गुरामीच्या डोक्यांत हवेंतला प्राणवायु घेण्याचें एक विशेष इंद्रिय असतें. ती जोडी ठणठणीत होती, ही खूण आमच्या डोळ्यांपुढेंच होती.

तिसरा प्रश्न पाण्याचा. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो. सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट, आणि पुढें नायट्रेट करतात. नव्या टाकींत ही व्यवस्था बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या अवधींत सुस्तीचें कारण बहुधा हेंच निघतें. अमोनियाचें विष पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतें: २५ अंश उष्णतेस पीएच ७ असतां एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडाच अधिक भाग विषारी रूपांत असतो, तोच पीएच ८ असतां पांच टक्क्यांवर जातो. नायट्राइट रक्तांत शिरलें म्हणजे रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति जाते व कल्ले तपकिरी दिसूं लागतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीनहि कल्ले भाजतें. पाणी रात्रभर उघडें ठेवल्यानें तें बरेंचसें उडून जातें, परंतु क्लोरामाइन असल्यास तें उडत नाहीं, त्यास सोडियम थायोसल्फेट किंवा तत्सम द्रव्य घालावें लागतें. आमच्या टाकीच्या पाण्यांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य निघालीं. उष्णतामापकाचा पारा मात्र ३२ अंशांवर होता.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पाणी जितकें तापेल तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो: २० अंशांस लिटरमागें सुमारें ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारें ७.५. आणि त्याच वेळीं उष्णतेनें माशाची गरज मात्र वाढते. वनस्पति दिवसां प्रकाशांत प्राणवायु देतात, परंतु रात्रीं त्याहि माशांप्रमाणेंच तो घेतात. म्हणून दाट लावलेल्या टाकींत प्राणवायूची सर्वांत मोठी टंचाई पहांटे पडते.

चौथा प्रश्न वेळेचा, आणि तो नातीनें आधींच सोडविला होता. आम्हीं मोजलें तें असें: सकाळीं सहा वाजतां आजारी बार्बचे कल्ले मिनिटाला सुमारें १३० वेळां हालत, दुपारीं चार वाजतां ९०. पाण्याचा पीएच सकाळीं ६.५, दुपारीं ७.५. पाण्यांतील क्षार तेच असतां पीएच एका अंकानें उतरणें म्हणजे कर्बाम्ल वायु, ज्यास हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो दसपट होणें. हा वायु पाण्यांत फार झाला म्हणजे माशाच्या रक्तांतला तोच वायु बाहेर पडत नाहीं, आणि रक्ताला प्राणवायूहि नीट धरतां येत नाहीं. रोग दिवसाचें घड्याळ पाहून चढउतार करीत नसतो, वायु करतो.

पुतण्याच्या टाकीस झाडांच्या वाढीसाठीं हा वायु एका नळकांड्यांतून दिला जातो. सकाळीं नऊला तो सुरू व्हावा आणि सायंकाळीं पांचला बंद व्हावा, म्हणून विजेवर फिरणाऱ्या चकतीचें एक घड्याळ लाविलें होतें. दिवा मात्र हातानें लावण्याची पद्धत होती. "हें केव्हांपासून?" हा प्रश्न आम्हीं तेव्हां कोठें विचारला. सूनबाई म्हणाल्या, "मागच्या आठवड्यांत वादळ झालं, तेव्हांपासून, काका." वळवाच्या दोन वादळांत एकदां सात तास व एकदां चार तास वीज गेली होती. वीज गेली कीं चकती थांबते, आणि वीज आली म्हणजे थांबली तेथूनच पुढें चालूं लागते. आम्हीं पाहिलें तेव्हां सकाळचे सात वाजले होते, आणि चकती आदल्या रात्रीचे आठ दाखवीत होती. म्हणजे वायु रात्रीं आठला सुरू होऊन पहांटे चारपर्यंत, अंधारांत, झाडांना नको असतां सुटत होता. तो वांयां जाऊं नये म्हणून फिल्टरची नळीहि पाण्याखालीं खोल बसविली होती, त्यामुळें पृष्ठभाग हालत नव्हता. अशा पाण्यांत आम्हीं ओतलेल्या फॉर्मॅलिननें उरलासुरला प्राणवायूहि खाल्ला.

त्याच सकाळीं वायु बंद केला, नळी वर घेऊन पाणी खळाळतें केलें, आणि हवेचा लहान पंप लाविला. तासाभरांत मोठा बार्ब नळीपासून हालला. सायंकाळीं त्यानें दाणा घेतला. उपशयानें निदान पक्कें होतें तें असें. उष्णतेसाठीं टाकीवर एक लहान पंखा पृष्ठभागाकडे तोंड करून बसविला. नागपूरच्या कोरड्या वैशाखांत माठ जसा गार होतो, तशीच ही टाकीहि दोनतीन अंशांनीं उतरली. पावसाळ्यांत हवा दमट झाली म्हणजे ही युक्ति चालत नाहीं. शिवाय उडून गेलेलें पाणी क्षार मागें ठेवून जातें, म्हणून भर घालतांना शुद्ध केलेलें मृदु पाणी वापरावें. चकतीच्या जागीं आतां आंत घट असलेलें, वीज गेली तरी न थांबणारें घड्याळ आलें आहे.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी टाकी आहे त्यांस आमचें सांगणें इतकेंच: मासा सुस्त दिसला कीं प्रथम पाणी हालतें करा, चौथा भाग पाणी बदला, एक दिवस खाणें थांबवा, आणि एक पूर्ण दिवस, पहांटेपासून रात्रीपर्यंत, नुसतें पाहा. केव्हांपासून, कोणत्या वेळीं, कोणकोणते मासे, आणि त्याच सुमारास घरांत काय बदललें, हें लिहून काढा. औषध सर्वांच्या शेवटीं, रोग ओळखल्यावर, आणि शक्य तर वेगळ्या भांड्यांत द्या. नागपुरांत तर पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचें मत्स्यविज्ञान महाविद्यालयच आहे. कारण उलगडत नसेल तर जाणत्यास विचारण्यांत कमीपणा नाहीं. आणि सह्याद्रीचे मासे घ्यावयाचेच असतील, तर नदींतून पकडलेले न घेतां पैदास केलेले आहेत काय, हें विक्रेत्यास विचारून घ्या.

पांच बार्ब आतां बरे आहेत. टाकीच्या शेजारीं नातीची एक वही असते. तींत तारीख, पाण्याची उष्णता आणि 'सकाळीं कसे होते' असे तीन रकाने आहेत. निघण्याच्या दिवशीं तिनें ती आमच्या हातीं देऊन त्या सकाळची ओळ आमच्याकडून लिहून घेतली, आणि आम्हीं ती पाण्याकडे पाहूनच लिहिली.