पहिल्याच वर्षी अजिंक्य : लंडन मोनार्क्सची कहाणी

'फुटबॉल' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत मात्र याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. तेथील चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, बहुतेक वेळ तो हातातच असतो आणि खेळाडू डोक्याला हेल्मेट व खांद्यांना जाड पॅड बांधून मैदानात उतरतात. १९९१ साली या अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा युरोपात नेण्यात आली. लंडनमध्ये एक नवा संघ उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी अजिंक्य ठरला. त्या संघाचे पुढे काय झाले, हे खेळाडूंनी आणि संस्था चालवणाऱ्यांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

खेळ थोडक्यात

दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. गोलरेषांमधले मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब असते. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात किमान दहा यार्ड पुढे सरकता आले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. कबड्डीत जशी प्रत्येक चढाई स्वतंत्र असते, तसाच येथे प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असतो. तो संपला की खेळ थांबतो आणि दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर उभे राहतात. संघाची चाल सुरू करणारा व चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे 'क्वार्टरबॅक'. चेंडू घेऊन प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडली की 'टचडाउन' होतो व ६ गुण मिळतात. त्यानंतर चेंडू दोन खांबांमधून लाथेने मारला की आणखी १ गुण मिळतो. टचडाउन न साधता खांबांमधून मारलेल्या 'फील्ड गोल'चे गुण ३.

१९९१ चा मोसम

इंग्लंडमध्ये या खेळाची गोडी आधीच लागू लागली होती. १९८२ पासून 'चॅनेल फोर' ही दूरचित्रवाहिनी अमेरिकन सामने दाखवत असे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये शिकागो बेअर्स व डॅलस काउबॉइज या नामांकित संघांचा प्रदर्शनीय सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाला, तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक लोक जमले होते. हा प्रतिसाद पाहून अमेरिकेच्या एनएफएल या मुख्य संघटनेच्या पाठबळावर 'वर्ल्ड लीग' सुरू झाली. तीत दहा संघ होते. त्यांपैकी लंडन, फ्रँकफर्ट व बार्सिलोना हे तीन युरोपातले, तर बाकीचे सात अमेरिका व कॅनडातले.

लंडनच्या संघाचे नाव होते 'मोनार्क्स', म्हणजे राजे. प्रशिक्षक लॅरी केनन अमेरिकन होते आणि बहुतेक खेळाडूही अमेरिकनच होते. क्वार्टरबॅक स्टॅन गेलबॉला एनएफएलमध्ये पक्की जागा मिळालेली नव्हती. या लीगमुळे त्याला आपले कौशल्य दाखवण्याची संधी मिळाली. मात्र काही स्थानिक खेळाडूही संघात होते. धावपटू व्हिक्टर एबुबेडिके लंडनच्या हौशी संघातून आला होता, तर चेंडू लाथेने मारण्याचे काम करणारा फिल अलेक्झांडर मूळचा इंग्लिश फुटबॉल खेळलेला.

लीगचा पहिला सामना २३ मार्च १९९१ रोजी फ्रँकफर्टला झाला. लंडनने यजमानांना २४-११ असे हरवले. वेम्ब्लीवरच्या पहिल्या सामन्याला पंचेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. संघ एकामागून एक सामने जिंकत गेला. दहापैकी नऊ सामने त्याने जिंकले; हरला तो फक्त शेवटचा, बार्सिलोनाविरुद्ध, तोही १७-२० असा थोडक्यात. उपांत्य सामन्यात न्यूयॉर्क-न्यू जर्सीचा ४२-२६ असा पराभव करून मोनार्क्स अंतिम फेरीत पोहोचले.

९ जून १९९१ रोजी वेम्ब्लीवर अंतिम सामना झाला. समोर तोच बार्सिलोनाचा संघ. ६१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर लंडनने २१-० असा विजय मिळवला आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या पराभवाची परतफेड केली. बचावपटू डॅन क्रॉसमनने प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू तीन वेळा मध्येच झेलला. सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला.

त्यानंतर

इतक्या थाटात सुरुवात झाल्यावर हा संघ वर्षानुवर्षे गाजत राहिला असेल, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलटेच. १९९२ मध्ये प्रशिक्षक बदलले आणि त्याच संघाला दहापैकी केवळ दोन सामने जिंकता आले. त्या मोसमानंतर खुद्द लीगच बंद पडली. १९९५ मध्ये ती फक्त सहा युरोपीय संघांना घेऊन पुन्हा सुरू झाली, पण आता मोनार्क्सजवळ वेम्ब्ली नव्हते. ते टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर खेळू लागले. तेथे पुरेशी लांबी नसल्याने शंभर यार्डांऐवजी त्र्याण्णव यार्डांचेच मैदान आखावे लागे. १९९८ मध्ये 'इंग्लंड मोनार्क्स' असे नाव घेऊन संघ गावोगावच्या मैदानांवर फिरला, आणि त्या मोसमानंतर बंद झाला. १९९९ मध्ये त्याची जागा बर्लिनच्या संघाने घेतली.

आता फ्रँकफर्टकडे पाहा. पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर हरलेला हा संघ १९९१ मध्ये अंतिम फेरीच्या जवळही पोहोचला नव्हता. परंतु पुढे त्याने चार वेळा अजिंक्यपद मिळवले आणि २००७ मध्ये लीग कायमची बंद होईपर्यंत तो टिकून राहिला. त्या शेवटच्या वर्षी सहापैकी पाच संघ एकट्या जर्मनीतले होते.

हा फरक का पडला असावा? जर्मनीत १९७९ पासूनच स्थानिक क्लबांची स्वतःची लीग होती. गावोगावच्या क्लबांतून मुले हा खेळ शिकत, आणि मोठी होऊन खेळाडू किंवा जाणकार प्रेक्षक बनत. इंग्लंडमध्येही हौशी क्लब होते, पण वेम्ब्लीवरची गर्दी मुख्यतः नवलाईपोटी आलेली होती. नवलाई ओसरली, पराभव होऊ लागले, मैदान बदलले, तसा प्रेक्षकही पांगला. चषक लंडनला मिळाला, पण मुळे जर्मनीत रुजली.

महाराष्ट्राबाहेर राहून पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. उद्घाटनाला मंडप भरतो, पहिल्या वर्षी उत्साहही असतो. पण वाचनालय असो, क्रीडामंडळ असो की मराठीचा वर्ग, दहाव्या वर्षी तेथे किती मुले येतात यावरच त्याचे भवितव्य ठरते. विश्वस्त आणि पालक ही सोय उभी करू शकतात. विद्यार्थी मित्रांनो, ती चालू ठेवणे मात्र तुमच्या हाती आहे : रोज मैदानावर उतरून, आणि आपल्यामागून येणाऱ्या लहानांना हात धरून सोबत नेऊन.