पडलेले झाड आणि घरच्या फळ्या

धार आणि देवास जिल्ह्यांत नर्मदेकडे उतरणाऱ्या जंगलात सागवान आहे आणि वर माळव्याच्या काळ्या जमिनीत बांधावर बाभूळ, कडुनिंब, आंबा. वळवाच्या वादळात यातले एखादे झाड उन्मळते आणि बहुतेक घरी त्याचे सरपण होते. वास्तविक त्याच खोडातून दाराची चौकट नि गोठ्याच्या फळ्या निघतात. आता चेनसॉ खेडोपाडी आली आहे. म्हणून धर्मग्रामातील शेतकरी आम्हांला विचारतात, "फादर, फळ्या घरीच पाडल्या तर?"

पाडता येतात, पण आधी परवानगी. मध्य प्रदेशात लाकूड चिरण्यावर १९८४ चा काष्ठ चिरान अधिनियम लागू आहे. त्यात सॉ-मिल येते, तसाच हाताने चिरण्याचा खड्डाही येतो. सागवान स्वतःच्या शेतातले असले तरी ते तोडण्यास व हलविण्यास परवानगी लागते. तेव्हा करवत लावण्यापूर्वी पटवारी व वनविभागाच्या रेंज ऑफिसात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

पूर्वी मोठी करवत दोघे ओढीत, एक ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात. चेनसॉने हे काम एकटा करतो, परंतु मोकळ्या हाताने फळी सरळ येत नाही. मशीनच्या पट्टीला लोखंडी चौकट बसवितात. ओंडक्यावर सरळ फळी किंवा शिडी ठोकून पहिला काप त्यावरून घेतात. पुढचे काप त्याच सपाट बाजूवरून येतात. साधी साखळी आडवे कापण्यासाठी असते. उभे चिरण्यासाठी दात सुमारे १० अंशांवर घासलेली साखळी घ्यावी. एक काप सुमारे पाऊण-एक सेंटिमीटर लाकूड खातो, म्हणजे आठ फळ्या पाडताना अडीच-तीन इंच लाकूड भुशात जाते. बांधावरच्या झाडात जुने खिळे, तार असते. ती आधी शोधून काढावी.

आता आरोग्याचे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येते. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. लाकडाची धूळ कर्करोगाचे कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले. म्हणून चष्मा, कानाला संरक्षण, नाकावर चांगला मास्क, पायात बूट हवेत. धोतर, लुंगी, गळ्यातला गमछा नको. दारू पिऊन किंवा एकट्याने हे काम करू नये. मुलांना दूर ठेवावे.

ओल्या फळीचे दार करू नये, ते वाकते. फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात आणि वर वजन ठेवावे. टोकांना रंग किंवा मेण लावल्यास चिरा कमी पडतात. इंचभर जाडीच्या फळीला काही महिने लागतात. आंब्याचे लाकूड भुंगा लवकर पोखरतो. ताज्या फळीला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाणी दिल्यास ते टिकते.

आपले आश्रयदाते संत योसेफ सुतार होते. सुताराला आधी त्याचे दोन हात लागतात. चौकट, चष्मा वा परवाना नसेल, तर ओंडका तसाच झाकून ठेवावा आणि परवाना असलेल्या सॉ-मिलमध्ये न्यावा. लाकूड वाट पाहते. गेलेले बोट परत येत नाही.