शुल्क, कर की वाटा? लागवडीच्या औषधी वनस्पती आणि कायद्याचं भांडण

आजचा विषय वरवर कोरडा वाटेल. औषधी वनस्पती वापरणाऱ्या कारखान्याकडून सरकारी मंडळानं पैसे घ्यावेत का, आणि ती वनस्पती शेतात लावलेली असली तरी घ्यावेत का, एवढाच प्रश्न. पण 'ही वस्तू माझी' असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे.

आधी कायदा पाहू. २००२ साली जैविक विविधता कायदा झाला. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात जैवविविधता मंडळ आणि गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी त्याची उतरंड. विदेशी कंपनीला प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते; देशी कंपनीनं राज्य मंडळाला आधी कळवायचं. पुढे २०१४च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पैशाचा हिशेब घातला. उत्पादकाला त्यात एक पर्याय होता तो विक्रीवर: वर्षाला १ कोटीपर्यंत ०.१ टक्का, १ ते ३ कोटींना ०.२ आणि त्यापुढे ०.५ टक्का. मंडळानं खर्चापोटी फार तर ५ टक्के ठेवायचे, बाकीची रक्कम गावसमितीकडे किंवा ज्यांचा हक्क आहे त्यांच्याकडे जायची.

इथं ठिणगी पडली. देशी उत्पादक म्हणाले, आम्ही फक्त कळवायचं आहे ना? मग पैसे कुठून आले? दिव्य फार्मसीनं हा मुद्दा उत्तराखंड उच्च न्यायालयात नेला. २१ डिसेंबर २०१८ रोजी न्या. सुधांशु धुलिया यांनी तो फेटाळला. निकालाचा गाभा असा, की १९९२चा रिओ करार आणि २०१०चा नागोया करार यांच्या प्रकाशात कायदा वाचला, तर त्याचा हेतू स्थानिक समाजाला लाभात वाटा देण्याचा आहे. तो हक्क विदेशी कंपनीपुढे खरा आणि देशी कंपनीपुढे खोटा, असं होत नाही.

आता शब्दांकडे वळू. सगळे याला 'फी' म्हणतात. १९५४च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला होता. कर सक्तीचा असतो, त्याच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळत नाही. शुल्क एखाद्या सेवेपोटी असतं. मग शतावरीच्या मुळांवरची ही रक्कम कशात बसते? सरकारनं काही सेवा दिली? नाही. पैसा सरकारी तिजोरीसाठी आहे? तोही नाही. माझ्या मते हा वाटा आहे. ज्यांनी ती वनस्पती ओळखली, जपली, तिचा गुण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला, त्यांचा. आपल्याकडे याला ऋण म्हणतात. ऋणाला फी म्हटलं, की देणाऱ्याला ती खंडणी वाटते आणि घेणाऱ्याला मेहेरबानी.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्यानं रोपं विकत आणली, पाणी दिलं, निंदणी केली. त्याच्या पिकावर कसलं ऋण? रास्त प्रश्न आहे. २०२३च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली. मात्र त्यासाठी गावसमितीकडून उगमाचा दाखला लागतो. म्हणजे भांडण संपलं नाही, त्याची जागा बदलली. आधी प्रश्न होता, 'पैसे द्यायचे का?' आता प्रश्न आहे, 'माल शेतातला कशावरून?'

वाळवलेलं मूळ पोत्यात भरलं, की रानातलं कुठलं आणि वावरातलं कुठलं, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड. सगळा भार कागदावर. आणि बघा, ज्या समितीकडे वाट्याचा पैसा यायचा, तिनंच तो माफ करणारा दाखला द्यायचा!

आपल्याकडचा हिरडा घ्या. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात हिरड्याची पुष्कळ झाडं आदिवासी शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत उभी आहेत. ती कुणी पेरली नाहीत. पण तोडलीही नाहीत, राखली. हा हिरडा रानातला की लागवडीचा? जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात तो झडला, तेव्हा भरपाईसाठी याच लोकांना आंदोलन करावं लागलं. नुकसान मोजताना त्यांचं झाड सहजासहजी पीक ठरत नाही. उद्या सूट देताना ते काय ठरेल?

म्हणून सूट वाईट, असं मी म्हणत नाही. दोन एकरांवर अश्वगंधा लावणाऱ्याला कचेरीच्या खेपा पडू नयेत, हे मान्यच. पण कारखान्यानं सगळा माल लागवडीचा म्हणून दाखवला, तर रानात फिरून मुळं खणणारी बाई हिशेबातून नाहीशी होते. तिचा वाटा कुणी नाकारतसुद्धा नाही, कारण ती कागदावरच नसते.

तेव्हा आपापल्या गावात एक साधी चौकशी करा. जैवविविधता समिती आहे का, तिच्या नोंदवहीत कोणत्या वनस्पती लिहिल्या आहेत, आणि दाखला देण्याआधी कुणी शेत पाहून येतं का? न्यायालय अर्थ सांगेल; नोंद मात्र गावानंच करायची आहे.