लहान पांखरांचीं छायाचित्रें

पूर्वीं छायाचित्रें घेण्याचें यंत्र एखाद्या धनिकाच्या घरीं किंवा धंदेवाईक छायाचित्रकाराच्या दुकानांतच पाहावयास मिळे. आज तें मोबाइलच्या रूपानें घरोघर येऊन बसलें आहे, आणि त्यामुळें विद्यार्थ्यांमध्यें पांखरांचीं छायाचित्रें घेण्याची हौस वाढत आहे. हौस स्तुत्य आहे. परंतु सहलीस आलेल्या मित्रमंडळीचें चित्र घेणें निराळें, आणि वीतभरहि नसलेल्या चपळ पांखराचें, तेंहि त्याच्या स्वतःच्या झाडाझुडपांत, चित्र घेणें निराळें. मित्र सांगितल्यावर स्थिर उभे राहतात. पांखरूं कोणाचें ऐकत नाहीं. हें काम कसें साधावें, आणि तें साधतांना कोणती चूक आपल्या हातून होऊं देऊं नये, याचा थोडक्यांत विचार या लेखांत केला आहे.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. आपल्या बागेंत येणारा शिंपी पक्षी चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १३ सेंटिमीटर असतो, व फुलांतील मध पिणारा शिंजीर सुमारें १० सेंटिमीटर. असा एक शिंपी आपल्यापासून ५ मीटरांवर बसला आहे असें समजा. कॅमेऱ्याच्या भिंगाचें नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल, तर आंत उमटणारी त्याची प्रतिमा अवघी १.३ मिलिमीटर लांब होईल. तेंच अंतर ५०० मिलिमीटर असेल, तर प्रतिमा १३ मिलिमीटर होईल. मोबाइलचें नेहमींचें भिंग तर विस्तृत देखावा टिपण्यासाठीं केलेलें असतें. त्यांत हें पांखरूं केवळ ठिपक्यासारखें दिसतें.

तेव्हां मार्ग दोनच उरतात: मोठें भिंग आणावें किंवा आपण जवळ जावें. मोठें भिंग महाग व जड असतें, आणि तें प्रतिमेबरोबर हाताचा कंपहि वाढवितें. जवळ जाण्यास मात्र पैसा लागत नाहीं. अंतर निम्में केलें कीं प्रतिमा दुप्पट होते. म्हणून नवशिक्याचा सर्व मोह जवळ जाण्याकडे असतो, आणि घरट्यांतील पांखरूं हलत नसल्यानें तो मोह घरट्याकडेच ओढून नेतो.

या मोहाचें फळ मीं स्वतः पाहिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परसांतील अंजिराच्या झाडावर शिंप्याच्या जोडप्यानें घरटें केलें होतें. या जातींत शिवणकाम मादी करते. पानाच्या कडांना ती चोंचीनें बारीक छिद्रें पाडते, कापसाचे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे तंतू त्यांतून ओंवते, आणि पानाची पिशवी करून तींत मऊ घरटें रचते. शिवलेलें पान हिरवेंच राहतें. त्यामुळें हातभर अंतरावरून जाणाऱ्यालाहि घरटें ओळखूं येत नाहीं. त्यांत तीन पिलें होतीं. माझ्या चित्रांत मधलें एक पान आड येत होतें, म्हणून मीं तें दोऱ्यानें बाजूला बांधलें. चित्र उत्तम आलें. आनंदाच्या भरांत मी दोरा सोडावयाचें विसरलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊन पाहतों तों पिशवी फाटलेली, पिलें नाहींशीं झालेलीं, आणि वरच्या फांदीवर एक कावळा बसलेला. शिंपीण चोंचींत अळी घेऊन त्या पानाभोंवतीं फिरत होती. ती आंत डोकावे, बाहेर येई, आणि पुन्हां डोकावे. तें छायाचित्र अद्याप माझ्यापाशीं आहे. तें कोणास दाखविण्याचें धैर्य मला झालेलें नाहीं.

जें पान मला अडथळा वाटलें, तेंच त्या घराचें दार होतें. उन्हापासून आणि शत्रूच्या नजरेपासून पिलांचें रक्षण त्याच एका पानानें होत होतें.

मग जवळ जावयाचें तरी कसें? या विद्येचे आद्य उपासक रिचर्ड व चेरी कीर्टन हे इंग्लंडांतील बंधु होत. त्यांनीं १८९२ सालीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. त्यांच्यापाशीं आजच्यासारखीं दूरवेधी भिंगें नव्हतीं. तेव्हां त्यांनीं बैलाच्या कातड्याचा आंतून पोकळ बैल करविला, आणि त्यांत शिरून ते कुरणांत तासन्‌तास उभे राहूं लागले. पांखराला उघडें पाडण्याऐवजीं त्यांनीं स्वतःला झांकून घेतलें. आपल्या कोंकणांतहि याच धीराचें उदाहरण आहे. डॉ. सलीम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचें चिकाटीनें निरीक्षण केलें. नर अर्धें घरटें बांधतो, मादी तें पारखून पाहते, आणि तिला पसंत पडल्यावरच तो तें पुरें करून दुसऱ्याच्या बांधणीस लागतो, हें त्यांना दिसून आलें. घाईनें आलेल्या पाहुण्याला हा संसार कधींच दिसला नसता.

आपल्याला पोकळ बैलाची गरज नाहीं. घराची खिडकी हाच उत्तम आडोसा आहे. खिडकीपासून तीनचार मीटरांवर पसरट मातीचें भांडें ठेवून त्यांत दोनतीन सेंटिमीटर पाणी घालावें आणि तें रोज बदलावें. मांजराला दबा धरतां येईल अशी जागा मात्र टाळावी. भांड्याशेजारीं एक वाळकी काटकी रोंवावी. पाण्यावर उतरण्यापूर्वीं पांखरूं बहुधा तिच्यावर बसतें. पडदा अर्धा ओढून घ्यावा, कॅमेरा धान्याच्या पिशवीवर टेकवावा आणि स्वस्थ बसावें. पहिले कांहीं दिवस चित्र घेऊंच नये. पांखरांना जागेची संवय होऊं द्यावी.

सकाळचें कोंवळें ऊन आपल्या पाठीकडून येईल असें पाहावें. कॅमेरा पांखराच्या डोळ्याच्या उंचीवर असावा, आणि भिंगाचा नेम त्याच्या डोळ्यावर असावा; डोळा स्पष्ट आला तर चित्र सजीव वाटतें. पांखरूं क्षणभरहि स्थिर नसल्यानें सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र टिपावें लागतें, आणि त्यासाठीं प्रकाश भरपूर हवा.

कांहीं गोष्टी मात्र कधींच करूं नयेत. विद्यार्थ्यांनीं घरट्याचें चित्र घेण्याच्या भरीस पडूं नये. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पांखराला बोलावूं नये. आपल्या हद्दींत परका शिरला असें समजून तें चारा शोधण्याचें सोडून त्याला हुसकावण्यांत शक्ति दवडतें. घरट्याचा ठावठिकाणा चारचौघांत सांगूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणें हें शिकारीच्या व्याख्येंतच घातलें आहे, हेंहि ध्यानांत असावें. पांखरूं एकसारखें चिवचिवूं लागलें, किंवा चोंचींत चारा असूनहि घरीं जाण्यास कचरूं लागलें, तर तें आपल्यालाच भीत आहे असें समजावें आणि तत्काळ मागें फिरावें. त्या दिवशीं चित्र मिळालें नाहीं तरी चालेल.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलानें आणलेलें चित्र पाहतांना तें किती सुंदर आहे एवढेंच विचारूं नका. तें घेतल्यावर पांखरानें काय केलें, हेंहि विचारा. "तें पाणी पिऊन, पंख झटकून पुन्हां आपल्या कामास लागलें," असें उत्तर आलें, तर चित्र थोडें अस्पष्ट असलें तरी मुलाला शाबासकी द्या. एका चिमणीचें पडणेंहि परमेश्वराच्या दृष्टीआड होत नाहीं, असें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. हातांत कॅमेरा घेतांना त्याचें विस्मरण होऊं नये.