वाशीमहून सुटलेला हप्ता

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पीएम-किसानचा अठरावा हप्ता सोडला. देशभरातल्या सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत जवळपास २०,००० कोटी रुपये! राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही त्याच दिवशी निघाला. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ पासून नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे. सरळ बोलायचे तर मागे राहिलेला.

केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे तेवढेच, दोन-दोन हजारांनी थेट बँकेत येतात. वाटेत नोटा मोजणारा कोणी नाही, ही मोठीच गोष्ट. पण त्यासाठी सातबारा हवा, आधार जोडलेले खाते हवे, ई-केवायसी हवी. वारसाने आलेली सोडली, तर जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर झालेली हवी. मक्त्याने वावर कसणारा सोयाबीन पेरतो, तोटाही सोसतो; हप्ता मात्र मालकाला. भूमिहीन मजूर तर हिशेबातच नाही. नोंदीत नाव असलेल्यालाच लाभ, ही रीत इथे जुनीच. वाशीम म्हणजे वाकाटक राजांचे वत्सगुल्म. राजा दुसरा विंध्यशक्ती याचा गावदानाचा ताम्रपट इथेच सापडला. ज्यांची नावे पत्र्यावर कोरली, त्यांनाच त्या गावाचा लाभ. सोळा शतकांनंतर पत्र्याच्या जागी संगणक आला, एवढेच.

सातबारा न विचारणारी योजनाही महाराष्ट्रानेच घडवली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, तेव्हा मुख्यमंत्री होते वाशीमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातले वसंतराव नाईक. पुढे पैसा उभा राहिला तो नोकरदारांकडून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. हप्त्याचे कौतुक मोठे होते, पण माझ्या मते खरे नवल हेच: काम मागणे हा हक्क ठरला, तोही १९७७ च्या कायद्याने.

केंद्राने २००५ मध्ये हाच विचार उचलला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेरोजगार भत्ता, अशी तरतूद केली. गोम पोचपावतीत आहे. काम मागणीचा अर्ज नुसता ठेवून घेतला, पोच दिली नाही, तर ते पंधरा दिवस कधी सुरू झाले हे मजुराला सिद्धच करता येत नाही.